साडी तीच, निऱ्या गेल्या

दिवा (पूर्व), ७ डिसेंबर २०२५

दर्शना,

जय भीम. चिरंजीव वगैरे लिहायला आज हात उठत नाहीये, म्हणून नुसतं नाव. फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळं गार. म्हणून पत्र. फाडून टाकायच्या आधी तू वाचशीलच, तुला मी ओळखते.

काल सहा डिसेंबर होता आणि तुझे बाबा चैत्यभूमीला आले नाहीत. लॉकडाऊनचं ते एक वर्ष सोडलं तर तू पोटात होतीस तेव्हापासून त्यांचं चुकलेलं नाही. पांढरा सदरा मी इस्त्री करून ठेवलेला. म्हणाले, "तू जा केशर. मला तिथे कंपनीतले भेटतील." अहो, तोंड लपवायला तुम्ही केलंय तरी काय, असं विचारलं तर भिंतीकडे बघत बसले. मी पण गेले नाही मग.

फोनवर तू मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून आता पहिल्यापासून सांगते. माहीत असलं तरी वाच.

मे महिन्यात एमआयडीसीत शेजारच्या कंपनीला आग लागली. ती सगळी गल्ली बंद केली, वीज तोडली. बाबांच्या कंपनीतला डीप फ्रीझर बंद पडला आणि आतल्या कल्चरच्या नळ्या वितळून कुजल्या. त्या जंतूंवर तर कंपनी उभी आहे! तेच ते एन्झाइम बनवतात, भिवंडीला कापडाची खळ काढायला जातं ते. साहेब लोक कपाळाला हात लावून बसलेले. तेव्हा तुझे बाबा एकटे उठले, चालू बाटलीतलं थोडं कल्चर स्टीलच्या डब्यात घालून घरी घेऊन आले. महेंद्र साहेबांना विचारून आणलेलं, चोरून नाही. आता साहेब म्हणतात, तोंडी काय बोललो ते आठवत नाही. बरं आठवत नाही हो!

ऑगस्टपर्यंत कंपनी बंद. तेवढे दिवस बाबांनी ते माझ्या ओट्यावर जगवलं. मी विरजण लावते ना, कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, तसंच. कालच्या बाटलीतलं चमचाभर आज शिजवलेल्या, जंतूंच्या खाऊच्या ताज्या पाण्यात. माझा कुकर त्यांनी बाटल्यांना दिलेला, मी डाळ पातेल्यात शिजवायचे. दिव्यात पाण्याची काय बोंब असते तुला सांगायला नको, आणि ह्यांचं आपलं हात धू, ओटा पूस, स्पिरिट लाव. वर मला म्हणायचे, "कंपनीत ह्याला अँटिबायोटिकची पूड घालतात, बाहेरचे घाण जंतू शिरू नयेत म्हणून. माझ्या घरात पूड लागत नाही केशर, एवढी स्वच्छता आहे." काय तो तोरा!

पंधरा ऑगस्टला कंपनीत झेंड्याखाली बाबांना शाल आणि नारळ दिला. चांगदेवने कंपनी वाचवली, असं महेंद्र साहेब माईकवर बोलले. मी स्वतः ऐकलंय, पुढच्या खुर्चीवर बसून.

सप्टेंबरात एन्झाइम कमी यायला लागलं. आधी मालावर ढकललं, मग पाण्यावर, शेवटी बाबांवर. म्हणे, अस्सल कल्चर बाहेर विकलं आणि कंपनीच्या माथी भलतंच मारलं. नुसता नंबर टाकून बाटली ठाण्याच्या एका लॅबला पाठवली. ती लॅब नेमकी तुझी निघाली. चौकशीत बाबांच्या पुढ्यात तो रिपोर्ट ठेवला, "कल्चर जुन्या नोंदींशी जुळत नाही", आणि खाली तुझी सही. सासरचं आडनाव, त्यामुळे तिथे कुणाला काही कळलं नाही. पण द ला लांब शेपटी काढायचं ते वळण बाबांनीच तुझा हात धरून गिरवून घेतलंय. घरी आले ते चप्पल न काढता खुर्चीत बसले. चप्पल मी काढली त्यांची.

बाटलीवर नाव नव्हतं हे मला कळतं. तू मुद्दाम केलं नाहीस. पण कळल्यावर तरी धावत यायचं की नाही? ते राहिलं बाजूला, वर मला म्हणालीस, "आई, रिपोर्ट बरोबर आहे." तेव्हा मी म्हटलं, मला मुलगी नाही. म्हटलं ते म्हटलं. परत घेत नाही.

नऊ जानेवारीला शेवटची चौकशी आहे. त्या दिवशी चोरीचा शिक्का बसला तर रिटायर व्हायला आलेला माणूस चोर म्हणून गेटबाहेर पडेल. आपल्यातल्या माणसाला तो शब्द किती पटकन चिकटतो आणि किती वर्षं निघत नाही, तू शिकलेली आहेस, तुला जास्त माहीत. तू फक्त लिहून दे की टेस्ट चुकली. बास.

आई


१४ डिसेंबर

दर्शना,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी! आणि त्यात पहिली ओळ परत तीच. "रिपोर्ट चुकलेला नाही, कल्चर बदललंय हे खरं आहे. पण कसं बदललं ते मला शोधायचंय. घरी त्यातलं काही उरलंय का?"

वाचून आधी माझं डोकंच फिरलं. घरी उरलंय का म्हणजे काय? पंचनामा करायचाय काय गं तुला? कंपनीनेही हेच विचारलेलं बाबांना, आणि बाबा म्हणालेले, नाही, एक थेंब नाही.

बाबा खोटं बोलले नाहीत. त्यांना माहीतच नाही. तुला सांगते, आणि हे तुझ्या नवऱ्यालाही कळता कामा नये. कंपनी सुरू झाली तेव्हा बाबा सगळं घेऊन गेले, पण एक लहान बाटली माझ्या मसाल्याच्या फळीवर मागे राहिलेली. मी फेकायला गेले तर हात होईना. एवढे दिवस घरात राहिलेलं, जिवंत, उपाशी कसं मारायचं? मी आपली त्याला खाऊ घालत राहिले. बाबांनी शिजवून ठेवलेलं पाणी होतं तोवर ते, मग डाळीचं पाणी गाळून, कुकरमध्ये शिट्ट्या देऊन. गॅसच्या ज्योतीशी तोंड धरायचं वगैरे सगळं बघून बघून येत होतं मला. बाबा बाजारात गेले की करायचे. हसू नकोस.

तर तुझं पत्र आलं तेव्हा मला चेव आला. म्हटलं, थांब बाई, तुला आता दाखवतेच. आठवतं ना, तू शाळेत असताना बाबा रविवारी जादू करून दाखवायचे? तांदळाची पेज पातळ करायची, त्यात आयोडिनचे थेंब टाकायचे, पेज निळीशार. मग कंपनीतून आणलेल्या बाटलीतलं चमचाभर ओतायचं आणि म्हणायचं, आता चहा पिऊ. चहा होईस्तोवर निळं नाहीसं. तू टाळ्या पिटायचीस. म्हटलं, फळीवरचं कल्चर तर अस्सल आहे, त्याला बाबांशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. निळं गेलं की त्याचा फोटो काढायचा आणि तुझ्या तोंडावर मारायचा.

बाबा खाली गेलेले. पेज केली, आयोडिन टाकलं, कल्चर ओतलं. चहा ठेवला.

चहा उकळून आटला गं. निळं तसंच.

मला वाटलं थंडी आहे, म्हणून वाटी कोमट पाण्यात ठेवली. भाजी निवडली, दोरीवरचे कपडे काढले, परत बघितलं. कडेला थोडं फिकं झाल्यासारखं वाटलं, पण निळंच. बाबांची पावलं जिन्यात वाजली तशी वाटी मोरीत ओतली, आणि मोरीसुद्धा निळी झाली. ह्या बाटलीला कुणी परका शिवलेला नाही दर्शना. ही कुणी विकलेली नाही, बदललेली नाही. माझ्या धण्याच्या डब्यामागे होती ही. मग हिला झालं काय?

तुला लिहिणार नव्हते. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

आई


१८ डिसेंबर, तुमच्या बिल्डिंगच्या गेटवरून

डब्यात वरच्या कप्प्यात बोंबलाची चटणी आहे, जावयांना आवडते म्हणून. खालच्या कप्प्यात रुमालात गुंडाळलेली ती बाटली. सरळ धर. घोडबंदरला बस दीड तास सिग्नलवर उभी होती, मांडीवर धरून आणलीय लेकरासारखी.

वॉचमन म्हणाला वर जा. मी नाही गेले. पाय वळले नाहीत, खरं सांगते.

कुणाच्या हातात देतेय ते नीट कळून देतेय. ही बाटली चांगदेवच्या घरात होती एवढं जरी कंपनीला कळलं तरी चोरीचा मुद्देमाल मिळाला त्यांना. उद्याच्या उद्या बाबांना हाकलतील. तुझ्यावर विश्वास आहे का माझा? माहीत नाही. पण ते निळं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

डबा परत पाठव. झाकण त्याचंच लाव, दुसरं बसत नाही.

आई


२८ डिसेंबर

दर्शना,

तुझं जाडं पाकीट काल आलं. दोनदा वाचलं, मग न्हाणीत जाऊन तिसऱ्यांदा वाचलं, कारण बाबा विचारायला लागले की एवढं काय वाचतेस. लाइटबिल म्हटलं. एवढं लांब लाइटबिल!

मला कळलंय का ते तपासून घे. मी माझ्या भाषेत लिहिते, चुकलं तर दटाव.

त्या जंतूच्या पोटात धाग्यासारखं काहीतरी असतं, त्यावर त्याचं सगळं लिहिलेलं. त्यात एन्झाइम करायचा मजकूर एकदाच नाही, तोच तो, एकामागे एक, कितीतरी वेळा. जितक्या वेळा तितकं एन्झाइम जास्त. मला लगेच निऱ्या दिसल्या. साडी एकच, पण पुढे घडीवर घडी, सगळ्या सारख्या. आणि प्रत्येक घडीत अँटिबायोटिक सोसायचा मजकूरही शिवलेला. कंपनीत पूड घालतात तेव्हा ज्या जंतूच्या निऱ्या सुटल्या तो मरतो, ज्याच्या टिकल्या तो राहतो. म्हणजे पूड ही पिन.

आणि निऱ्या तर सुटणारच, असं तू लिहिलंयस. जंतू एकाचे दोन होताना तो धागा नव्यानं उतरवतात, तेव्हा घड्या इतक्या सारख्या की एकीच्या जागी दुसरी धरली जाते, आणि मधली गळून पडते. हे रोज होतं, कुणी न करता होतं. ज्याची घडी गळली त्याचं ओझं कमी, तो भरभर वाढतो. पूड नसली की तो मरत नाही. उलट तोच घर भरून टाकतो.

इथवर वाचून मला काय आनंद झाला! म्हटलं, सुटलो! कुणी चोरलं नाही, कुणी विकलं नाही. फळीवरचे जंतू आणि कंपनीचे जंतू बाकी अख्खेच्या अख्खे जुन्या नोंदीशी जुळले. साडी तीच. कंपनीच्या बाटलीत निऱ्या थोड्या उरल्या, माझ्या बाटलीत त्याहून कमी, कारण मी त्यांना आणखी काही महिने तसंच खाऊ घातलं. एका घरातली एक रांग, उतरत गेलेली. तुझा रिपोर्टही खरा आणि बाबाही खरे.

आणि मग तुझ्या त्या ओळीवर आले. "आई, बाबांना इतक्यात सांगू नकोस."

का सांगू नको, असं मनात म्हणेपर्यंत मला कळलं. पूड कुणी बंद केली? माझ्या घरात पूड लागत नाही, एवढी स्वच्छता आहे. तोंड भरून सांगायचे गं ते. आपल्या ओट्यावर, माझ्या कुकरमध्ये, रोज सकाळी न चुकता, हात धुऊन धुऊन कातडं गेलेलं त्यांचं. ज्या कामाची शाल मिळाली त्याच कामात ते गेलं. वाचवता वाचवता गेलं. मला ओरडावंसं वाटलं आणि न्हाणीत नळ सोडून बसले, तर नळाला पाणी नाही.

म्हणजे तू म्हणूनच फोन उचलत नव्हतीस? रिपोर्ट बरोबर आहे एवढंच घोकत होतीस, कारण पुढचं तुझ्या डोक्यात आधीच आलेलं? मला वाटलं माझी पोरगी दगड आहे.

आता मी काय करू ते सांग. नऊ तारखेला गप्प बसलो तर ते चोर ठरतात. बोललो तर चोर नाहीत, पण त्या माणसाच्या आयुष्यातली एक शाल, तीही आपण सगळ्यांसमोर ओढून घ्यायची. तू लिहितेस की नवा रिपोर्ट लॅबच्या नावानं पाठवायला तुझे साहेब तयार आहेत, मी हो म्हटलं तर. म्हणजे माझ्यावर टाकलंस!

आपल्या घरात जपायचं म्हणजे न सांगायचं, हे तू माझ्याकडूनच शिकलीस बहुतेक. बाटली मी लपवली, कागद तू लपवलास, आणि मधे तो माणूस रोज खुर्चीत बसून स्वतःच्या हातांकडे बघतोय. काल मी विचारलं काय बघता? म्हणाले, "काही नाही. काय चुकलं ते आठवतोय."

रिपोर्ट पाठव. सांगायचं ते मी सांगते.

आई


४ जानेवारी २०२६

चि. दर्शनास,

सांगितलं.

सकाळी नाश्ता झाल्यावर मी कडक इस्त्रीची सुती साडी नेसले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, कुठे निघालीस? म्हटलं कुठे नाही, इकडे बघा. पदर खोचला, निऱ्यांवरची पिन दाखवली. मग पिन काढली आणि घरभर चालून दाखवलं. एक निरी सुटली, मग शेजारची. म्हटलं, साडी बदलली का? म्हणाले, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? मग तुझा कागद पुढ्यात ठेवला.

चष्मा लावून हळूहळू वाचला. मला वाटलं तोंडावरून काहीतरी कळेल, पण काही कळेना. शेवटी बोट एका जागी ठेवून म्हणाले, "म्हणजे ती पूड घाणीसाठी नव्हती."

मी म्हटलं, "नाही."

"आम्हाला सगळ्यांना हेच सांगितलेलं. घाण येऊ नये म्हणून." चष्मा काढून ठेवला. "मी रोज त्यांच्या पिना काढत होतो केशर. रोज."

सुटलेल्या निऱ्या हातात धरून मी तिथेच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. शेजारच्या बाईनं दार वाजवलं. बाबांनी उठून दार उघडलं आणि सांगितलं, काही नाही ताई, बोटाला पिन लागली.

फळीवरच्या बाटलीचंही सांगितलं. मला वाटलं चिडतील. विचारलं काय, तर पाणी कसलं घातलंस? डाळीचं म्हटलं. कुठली डाळ? मूग. मान हलवली. मग म्हणाले, "तिच्यात किती उरल्यात?" कागदात बघून सांगितलं, बहुतेकांत एकच, पण काहींत अजून दोन. हे ऐकून पहिल्यांदा त्यांनी नीट माझ्याकडे बघितलं. कागद परत मागून घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली.

दुपारी कपाटातून शाल काढली. वाटलं आता फाडतात की काय. नाही. घडी केली आणि कंपनीच्या पिशवीत ठेवली.

तू यायचं म्हणतेस नऊ तारखेला, येऊ नकोस. तू समोर असलीस तर ते तुला सांभाळत बसतील आणि बोलायचं राहील. तुझा कागद पोचलाय तेवढा पुरे.

आई


१० जानेवारी

चि. दर्शनास अनेक आशीर्वाद,

चौकशीला घरच्यांना आत सोडत नाहीत, म्हणून मी गेटजवळच्या बाकड्यावर बसलेले. आत बाबांच्या बाजूनं बोलायला दगडूभाऊ होते, बॉयलरवाले. त्यांनी बाहेर आल्यावर सगळं सांगितलं. बाबांच्या तोंडून काढायचं म्हटलं तर वर्ष गेलं असतं.

लॅबचा नवा रिपोर्ट वाचला त्यांनी. चौकशीवाल्या साहेबांना अर्धा कळला असेल, पण साडी तीच एवढं कळलं. बाहेरचं कल्चर आणून घातलेलं नाही, चोरीचा प्रश्नच येत नाही. महेंद्र साहेब म्हणाले, मग झालं कसं? तेव्हा दगडूभाऊ सांगायला उठले, तर बाबांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. स्वतः उभे राहिले. म्हणाले, "मीच जगवलं आणि जगवतानाच घालवलं. पूड घातली नाही. मला वाटलं माझ्या घरी लागत नाही." पिशवीतून शाल काढली आणि टेबलावर ठेवली. फळीवरच्या बाटलीचंही सांगून टाकलं, माझं नाव न घेता.

मग कागद तयार झाला. चोरीचा आरोप मागे. खाली कारण लिहिलंय, निष्काळजीपणा. वाच! ज्या माणसाच्या हाताची सालं निघाली धुऊन धुऊन, त्याला निष्काळजी! मी बाकड्यावरून उठून आतच निघालेले, त्या साहेबाला दोन शब्द ऐकवायला. बाबा म्हणाले, "असू दे. चोर नाही लिहिलं ना." आणि चहाच्या टपरीवर मला कटिंग पाजली. बिस्किट पण खाल्लं. कधीपासून खाल्लेलं नव्हतं.

पण हे सांगायला मी पत्र लिहिलेलं नाही. पुढचं सांगायचंय.

सगळं उरकल्यावर त्या चौकशीवाल्या साहेबांनी सहज विचारलं, "चांगदेव, तो पहिला रिपोर्ट तुमच्या विरोधात गेला तेव्हा तुम्ही हरकत का घेतली नाही? टेस्ट चुकली म्हणायचं, दुसऱ्या लॅबकडे पाठवा म्हणायचं. सगळे म्हणतात."

बाबा म्हणाले, "सही ओळखीची होती साहेब. ती पोरगी न तपासता सही करत नाही. तिनं बदललंय लिहिलं म्हणजे बदललंय. आणि मी चोरलेलं नाही हे पण खरं. दोन्ही खरं कसं, ते मला समजेना. म्हणून गप्प बसलो."

"कोण आहे ती तुमची?"

"मुलगी."

दगडूभाऊ म्हणाले, वहिनी, हे नवा रिपोर्ट यायच्या आधी बोलले असते तर पहिला रिपोर्ट तिथेच बाद झाला असता. घरचं माणूस, नातं लपवलं, असं म्हणून तुझी नोकरी गेली असती ती वेगळीच. ते मला तेव्हा सुचलंच नाही. मी तर तुला टेस्ट चुकली म्हणून लिहून दे सांगत होते! कशी बाई मी!

दर्शना, मी इथे तुझ्या नावानं बोटं मोडत होते, शेजाऱ्यांना सांगत होते, पोरीनं बापाला बुडवलं. आणि हा माणूस त्या खुर्चीत बसून पहिल्या दिवसापासून तुझ्या बाजूनं होता. स्वतःवर चोरीचा आळ असताना. तुझ्यावर त्यांनी एक मिनिटसुद्धा शंका घेतली नाही. शंका घेतली ती स्वतःच्या हातांवर. मी टपरीवरच बाबांचा दंड घट्ट धरला. ते म्हणाले, लोक बघतायत केशर. बघू देत म्हटलं.

मला मुलगी नाही असं म्हटलेलं ना मी? घेते परत.

रविवारी ये. जावयांना घेऊन ये, चटणी केलीय. आणि येताना लॅबमधून ती बाटली आण, आणि अँटिबायोटिकची पूड. घरात नको म्हणशील तर तुझ्या लॅबमध्येच कर, पण बाबांना जवळ उभं करून. बाबा म्हणतात, दोन घड्या असल्या की त्या धरून निऱ्या परत चढवता येतात, थोडी थोडी पूड वाढवत. मी म्हटलं, मग करा ना तुम्ही. तर म्हणाले, "माझा हात लाड करणारा आहे. पिन दर्शनाला लावू दे."

पाकिटावरचा पत्ता नेहमी मी लिहिते. आज मी पत्र संपवेपर्यंत त्यांनी पाकीट ओढून घेतलं आणि लिहून टाकला. फोडताना तू घाईत बघितला नसशील. आता परत बघ. द ओळखशील.

आई